नक्षी शाबूत, टायर म्हातारा

२०२५ च्या एप्रिलमध्ये भाच्यानं जुनी स्विफ्ट आणली. २०१७ चं मॉडेल, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. पहिला मालक कारंज्याकडचा अडत्या. गाडी लग्नकार्य, दवाखाना आणि यवतमाळ-अकोल्याच्या फेऱ्या एवढ्यापुरतीच बाहेर निघायची, बाकी दिवस दारात उभी. भाच्यानं ती आमच्या अंगणात लावली आणि इंजिनाआधी टायर दाखवले. "मामा, नक्षी तं पाहा न. नवेच हायेत!"

नक्षी खरंच चांगली होती. खाचेत नख घातलं तर बरंच आत जात होतं. मग मी गुडघ्यावर बसलो आणि ओल्या फडक्यानं टायरची भिंत, म्हणजे नक्षी आणि रिममधला बाजूचा भाग, पुसली. डीओटी या अक्षरांपासून पुढं गेलं की एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. तिथं होतं ३४१७. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१७ मधला ३४ वा आठवडा, ऑगस्ट महिना. गाडीसोबत कंपनीतून आलेलेच टायर, वय आठ वर्षं होत आलेलं. खाचांच्या बुडाशी आणि भिंतीवर बारीक भेगा, एप्रिलमध्ये काळ्या वावराला पडतात तशा. आणि मेमध्ये त्याला याच गाडीत पाच माणसं बसवून समृद्धी महामार्गानं नागपूरला लग्नाच्या वऱ्हाडात जायचं होतं.

टायरबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक शहरातल्या गाडीचं असतं. रोज ४०-५० किलोमीटर पळणारी गाडी, तीन-चार वर्षांत नक्षी घासली की टायर बदल. आपल्याकडची गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरते. तिचा टायर घासून मरत नाही, वयानं मरतो. हे एकदा लक्षात आलं की कोणता टायर घ्यायचा याचं उत्तरच बदलतं.

रबर म्हातारं होतं म्हणजे काय? टायरच्या रबरात लवचिकपणा टिकवायला तेलं, मेण आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ही रसायनं आतून पृष्ठभागाकडे येत राहतात आणि रबराला जपतात. गाडी एकाच जागी महिना-महिना उभी राहिली तर हे येणं-जाणं मंदावतं. वरून आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, डांबर ६० अंशांच्या पुढं तापतं, आणि उष्णतेनं रबर कडक होण्याची क्रिया वेगानं होते. त्यामुळं न वापरलेला टायर टिकतो हा समज उलटाच आहे. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि नक्षी असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नका. दहाचा आकडा जगभरासाठी आहे. विदर्भातल्या उघड्यावर उभ्या गाडीला मी सहा, फार तर सात धरतो. हा माझा हिशेब, कुठला कायदा नाही.

कायदा आहे तो नक्षीचा. कारसाठी खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर असते. तीनवर आली असेल तर पावसाळ्याची वाट न पाहता मृगाआधीच बदला, कारण पाणी बाहेर फेकण्याचं काम याच खाचा करतात. खाचा उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टीअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडीला ते कळत नाही.

आता भिंतीवरचे मोठे आकडे. भाच्याच्या गाडीला १६५/८० आर १४ ८५टी. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेले. आजच्या सगळ्या कारना हेच असतात. १४ म्हणजे रिम १४ इंचांची.

८५टी कडे कोणी बघत नाही, आणि तोच भाग कामाचा. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलू शकतो. ८१ असेल तर ४६२ किलो, ७९ तर ४३७, जुन्या अल्टोच्या १२ इंची टायरवरचा ७४ म्हणजे ३७५. टी हा वेगाचा, ताशी १९० किलोमीटरपर्यंत. कोणी म्हणेल, चौघांचे मिळून दोन हजार किलो होतात आणि भरलेली स्विफ्ट तेराशे-चौदाशेच्या घरात, मग चिंता कसली? पण वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. ब्रेक दाबला की पुढं झुकतं, डिक्कीत दोन कट्टे गहू टाकले की मागं बसतं, खड्ड्यात एकाच चाकावर आदळतं. शिवाय हे ५१५ किलो पुरेशी हवा असलेल्या टायरचे आहेत. हवा कमी, तर ताकद कमी. म्हणून नवा टायर घेताना वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा खालचा घ्यायचा नाही, वरचा चालतो. दुकानात साइज जुळतो पण आकडा दोन-तीननं कमी असलेला टायर स्वस्तात पुढं केला जातो. तिथं मान हलवायची.

भाच्याला अर्थात जाडा टायर हवा होता. गावात प्रत्येकाला हवा असतो. टायरवाल्यानंही री ओढली, "टाकाचाच हाय तं जाडा टाका न भाऊ, गाडी उठून दिसते." दिसते खरी. पण टायरचा एकूण व्यास बदलला की स्पीडोमीटर आणि किलोमीटर चुकतात, कारण गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. व्यास काढणं सोपं आहे: भिंतीची उंची दुप्पट करा आणि रिमचे इंच २५.४ नं गुणून त्यात मिळवा. १६५/८० आर १४ चा येतो जवळपास ६२० मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असतो, त्याचा ६२१.५. म्हणजे कंपनीनं रुंदी वाढवली, रिम मोठी केली, पण भिंत तेवढीच कमी करून व्यास राखला. तीन टक्क्यांच्या आत फरक असेल तर निभावतं.

निभावतं, पण आपल्याला हवं काय? रुंद टायर वेगात आणि वळणावर रस्ता थोडा जास्त धरतो, पण पेट्रोल जास्त पितो. स्टीअरिंग जड होतं, आणि रिमची रुंदी त्याला पुरेशी नसेल तर भिंत फुगून बसते. मोठी रिम आणि बुटकी भिंत तर आपल्या रस्त्यांवर पायावर धोंडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो आणि कडेला तुटतो. तिथं जो दणका बसतो तो आधी भिंतीतली हवा सोसते. भिंत उंच तर गादी जाड. बुटकी भिंत तर रिम वाकते, नाहीतर आतले धागे तुटून टायरला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो त्याच दिवशी काढायचा.

"पण मामा, पांदणीत गाडीचं पोट घासते." हाही मुद्दा ऐकू येतो, मोठ्या टायरनं गाडी उचलते म्हणून. उचलते किती ते बघा. वॅगनआरच्या जुन्या १४५/८० आर १३ ऐवजी १५५/८० आर १३ टाकला तर व्यास १६ मिलिमीटरनं वाढतो, आणि गाडी त्याच्या निम्मी उचलते, कारण वाढलेला अर्धा भाग धुऱ्याच्या वर असतो, अर्धाच खाली. आठ मिलिमीटर. टपोऱ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढं. श्रावणात काळ्या मातीच्या पांदणीत हरभऱ्यानं काही होत नाही. खरं सांगायचं तर त्या चिखलात लहान कारचा कुठलाही टायर चालत नाही. दहा फुटांत खाचा चिखलानं भरतात आणि चाक गुळगुळीत गोळा होतं. गाडी सडकेला ठेवायची आणि पायी जायचं.

साइज कंपनीचाच ठेवायचा हे ठरलं. मग दुकानात कंपन्यांची नावं सुरू होतात: एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन. या नावांवरून चहाच्या टपरीवर भांडणं होतात, पण खरा फरक एकाच कंपनीच्या दोन टायरांतही तेवढाच असतो. रबर बनवताना तीन गोष्टींची ओढाताण चालते: टायर जास्त टिकावा, ओल्यात घट्ट धरावा आणि गाडीला अॅव्हरेज द्यावं. एक ओढलं की दुसरं सैल होतं. आता चांगल्या रसायनांनी ही ओढाताण कमी झालीय, संपलेली नाही.

टॅक्सीवाल्यांसाठी बनवलेले, "मायलेज" वाले टायर कडक रबराचे असतात. काहींची जाहिरात लाखभर किलोमीटर टिकण्याची असते. आणि आपला माणूस नेमका त्यालाच भुलतो, कारण टिकाऊ म्हटलं की पैसे वसूल. पण हिशेब करा. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणारी गाडी लाख किलोमीटर करायला सोळा वर्षं घेईल. टायर सातव्या वर्षीच भेगाळणार. म्हणजे ज्या टिकाऊपणाचे पैसे दिले त्यातला निम्म्याहून जास्त कधी हाती येणारच नाही, आणि त्याच्या बदल्यात ओल्या रस्त्यावरची पकड मात्र पहिल्या दिवसापासून कमी. रोज कारंजा-अमरावती करणाऱ्या सवारी गाडीला तो टायर बरोबर आहे. दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला मऊ रबराचा, पकड चांगली असलेला घ्यावा. आयुष्य ४०-५० हजार सांगितलं तरी घाबरायचं कारण नाही, तेवढंही आपल्याकडून घासलं जाणार नाही. दुकानदाराला सरळ विचारायचं, यातला टॅक्सीचा कोणता आणि घरगुती गाडीचा कोणता? त्याला बरोबर माहीत असतं, न विचारता सांगत नाही एवढंच.

कंपनी कोणती का असेना, तारीख मात्र स्वतः बघायची. नवा टायर म्हणजे न वापरलेला टायर, ताजा असेलच असं नाही. तालुक्याच्या दुकानात ट्रॅक्टरचे आणि मोटारसायकलचे टायर झपाट्यानं विकले जातात, कारचे वर वर्षभर टांगलेले राहतात. जुन्या अल्टोच्या १२ इंचीचं तर विचारूच नका. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, त्यापुढचा असेल तर अकोल्या-अमरावतीच्या मोठ्या दुकानात चक्कर मारा, तिथं माल फिरता असतो. मला एका दुकानात दोन वर्षांपूर्वीचा टायर "कालच आला" म्हणून दाखवला होता. आला असेलही काल, बनला कधी ते भिंतीवर लिहिलेलं होतं. चारही टायरच्या तारखा बघा, एकावर विश्वासून तीन घेऊ नका. भिंतीवर आयएसआयचं चिन्ह हवं. बिल पक्कं घ्या, वॉरंटी त्याच्यावरच मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, बिलात तो आकडा तपासा. भाच्यानं मेमध्ये २८ नं घेतले होते. त्याचं दुःख तो अजून सांगतो.

सेकंड टायर, म्हणजे कोणाच्या तरी गाडीचे काढलेले, आणि वरून नवं रबर चढवलेले रिमोल्ड: दोन्ही कारला नको. ट्रकला रिमोल्ड चालतात, त्यांचा सांगाडा तसा बनवलेला असतो. कारच्या टायरचं आतलं वय आणि इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

चारही बदलायला पैसे नसतील तर दोन घ्या, पण मग ते कुठं लावायचे? टायरवाला न विचारता पुढं लावतो. त्याचं म्हणणं, इंजिन पुढं, ओढ पुढची, घासतात पुढचे. घासण्यापुरतं बरोबर आहे. पण ओल्या रस्त्यावर वळणात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही आपसूक अॅक्सिलरेटर सोडता, वेग कमी होतो, चाकं पुन्हा धरतात. मागची घसरली तर गाडीची शेपटी बाहेर पडते आणि ती गरकन फिरते. ते सावरणं सराव असलेल्या चालकालाही अवघड जातं. म्हणून चांगली नक्षी मागं. टायर कंपन्याही हेच सांगतात. आमच्याकडे यावर पंधरा मिनिटं वाद झाला आणि शेवटी टायरवाला म्हणाला, "गाडी तुमची हाय सर, तुम्ही म्हणान तिथं लावतो." हेही चाललं. दोन टायर एका धुऱ्यावर मात्र एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे पाहिजेत. काहींच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो किंवा एका बाजूला बाहेरची बाजू असं लिहिलेलं असतं. उलटा बसवलेला टायर मी दोनदा पाहिलाय.

बसवतानाच हवा भरायचा वाल नवीन टाकून घ्या. त्याचंही रबरच असतं, तेही तेवढंच म्हातारं. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, करावंच लागतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करणं, गावात होत नाही, तालुक्याला करून घ्या, नाहीतर नवा टायर एका कडेनं खाल्ला जातो.

पंक्चरचं थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे खिळ्यापेक्षा बाभळीचा काटा आणि तुरीची धसकटं जास्त. तूर कापल्यावर उरलेलं खुंट तिरपं, भाल्यासारखं असतं, आणि वाळलं की लाकूडच. ते नक्षीत घुसलं तर पंक्चर, भिंतीत घुसलं तर टायर गेला. भिंतीला दोरी लावून पंक्चर काढून देणारे आहेत, पण भिंत सतत वाकत असते, तिथं दोरी टिकत नाही. मग दुसरा उपाय निघतो: ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून घ्या. गावापुरतं, स्टेपनीपुरतं ठीक. पण ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून उष्णता वाढवतात. शिवाय साधा ट्यूबलेस काट्यानं हळूहळू बसतो, तर ट्यूब एकदम हवा सोडते. अशा चाकावर समृद्धीवर जाऊ नका.

बाभळीच्या काट्याचा खोडसाळपणा असा की ट्यूबलेसमध्ये तो स्वतःच बूच होऊन बसतो. हवा थेंबाथेंबानं जाते, आठवड्याला दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि डोळ्यांना कळत नाही. मग एक दिवस गाडी हायवेवर काढता.

समृद्धीवर टायर फुटतात म्हणून तिथल्या सिमेंटच्या रस्त्याला शिव्या दिल्या जातात. तिथं कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि भाच्याच्या टायरची ताकद १९० ची, म्हणजे नुसत्या वेगानं तो फुटू नये. घडतं ते असं: हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीत भिंत जास्त दबते आणि परत फुगते. तार वाकवून-वाकवून तोडताना ती हाताला चटका देते, तसाच टायर आतून तापतो. गावच्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला गतिरोधक, म्हशी, फाटा. टायरला थंड व्हायला वेळ मिळतो. समृद्धीवर तासन्‌तास एकच वेग, वर दुपार, आत पाच माणसं आणि आहेराची भांडी. म्हातारं रबर आणि कमी हवा एकत्र आली की आतले थर सुटतात.

आणि लोक नेमकं उलट करतात. टायर उन्हात फुटतो म्हणून हवा कमी भरतात. सकाळी २८ अंशाला ३० पीएसआय भरलेली हवा चालून-चालून ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब साधारण ३५ होतो. टायर एवढं सोसायलाच बनवलेला असतो, कंपनीनं हे धरूनच आकडा दिलेला असतो. गरम टायरची हवा काढली तर तो थंड झाल्यावर कमी हवेचा होतो, आणि पुढच्या फेरीत जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, भरलेल्या गाडीसाठी बहुधा मागच्या चाकांना वेगळा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तेवढा भरायचा नसतो. पंक्चरच्या दुकानातला काटा ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांसाठी एकच आणि दहा वर्षांपूर्वी आपटलेला. स्वतःचा छोटा गेज घेऊन डॅशबोर्डमध्ये ठेवा. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि कमी भरलेला नायट्रोजन कमी हवेइतकाच वाईट.

भाच्यानं शेवटी चारही टायर बदलले. साइज तोच, तारीख तीन महिन्यांपूर्वीची, घरगुती गाडीचे. स्टेपनी विसरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी डिक्की उघडून पाहिली तर कोरी करकरीत, रबराच्या केसांसकट, एकदाही जमिनीला न लागलेली. तारीख ३३१७. दुकानात परत जायला वेळ नव्हता. काढलेल्या चारातला कोणताही तिच्याहून बरा नव्हता, म्हणून तीच राहिली, पण भाच्याला मी बजावून ठेवलं की ती लागली तर साठच्या वर जायचं नाही आणि पहिल्या मोठ्या गावात बदलायची. लागली नाही. जुने टायर दुकानदार दोनशे रुपयाला एक मागत होता, पुढं कोणाला तरी सेकंड म्हणून विकायला. ते आम्ही घरी आणले. चारही आता गोठ्याच्या टिनावर आहेत, वादळात पत्रे उडू नयेत म्हणून.